घरची शिलाई

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनात बोलावयास उभे राहणाऱ्याने शिक्षण, हुंडा, वधूवर-सूची किंवा समाजाची एकजूट यांपैकी एखादा भारदस्त विषय घ्यावा, असा आपल्याकडील शिरस्ता आहे. आम्ही आज पाऊण मीटर कापडाविषयी बोलणार आहोत. शिंप्यांच्या सभेत शिवणकामाचा विषय काढणे हा आगाऊपणा आहे हे आम्हांस कळते. त्यातून आम्ही आयुष्यभर खडू हातात धरला तो फळ्यावर लिहिण्यासाठी, कापडावर बेतण्यासाठी नव्हे. तथापि ज्यांच्या अंगावरील एखादे वस्त्र त्यांच्या स्वतःच्या घरी शिवलेले आहे अशांनी हात वर करावे असे आम्ही म्हटले, तर या सभागृहात किती हात वर होतील? चार-पाच भगिनींचे झाले तरी पुष्कळ. नामदेवरायांचे नाव सांगणाऱ्या आपल्या समाजाची ही स्थिती आहे. शिखांच्या ग्रंथसाहेबात नामदेवरायांची ६१ पदे आहेत, आणि त्यांत गज, कातर, सुई आणि दोरा यांचे दाखले आहेत. देवाचे नाव घेतानाही त्यांना आपले हत्यार आठवले. आम्हांस मात्र घरातील हत्यार कोठे ठेवले आहे हेही आठवत नाही.

हे दुसऱ्यांस उद्देशून बोलत नाही. आमच्याच घरची गोष्ट सांगतो.

आमचे तीर्थरूप वऱ्हाडातील एका तालुक्याच्या गावी शिलाईचे दुकान चालवीत. दुकान म्हणजे घराची ओसरी, एक पायमशीन, एक लाकडी फळी आणि भिंतीवर टांगलेला गज. त्या मशीनवर त्यांनी आम्हां चार भावंडांस वाढविले. आम्ही सातवीत असताना एके दिवशी ते जेवावयास आत गेले असता आम्ही गंमत म्हणून मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला. ते हात न धुता बाहेर आले आणि आम्हांस दंडास धरून उठविले. म्हणाले, "या चाकावर पाय ठेवशील तर शाळा बंद." त्यानंतर आम्ही मशीनला हात लावला नाही. १९७५ साली आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक पास झालो, पुढे शिक्षकाची सनद घेतली, आणि जिल्ह्यातील निरनिराळ्या गावी प्राथमिक शाळांतून नोकरी करून २०१६ साली निवृत्त झालो. वडिलांनी पाठीस पोक काढून मिळविले ते आम्हांस मिळाले. त्यांची शिकवण चुकीची होती असे आम्ही आजही म्हणत नाही. जन्माने शिंपी म्हणून मुलाने शिंपीच व्हावे, ही बेडी त्यांनी तोडली. मात्र बेडी तोडताना हातातील कसब गळून पडले, हे त्यांच्या किंवा आमच्या ध्यानात आले नाही. ते आले २०१८ सालच्या उन्हाळ्यात.

त्या वर्षी चैत्रातच वडील अंथरुणास खिळले. वय पंच्याऐंशी. वैशाख लागला आणि पारा ४५ अंशांच्या वर गेला. वऱ्हाडातील मंडळींस हे ऊन ठाऊक आहे. रात्री भिंतीस हात लावला तरी चटका बसतो. कूलर होता, पण त्यांना त्याची हवा सोसत नसे. पाठीवर, काखेत, मानेभोवती घामोळे उठले. अंगात आम्ही बाजारातून आणलेले बनियन घातलेले. वेष्टणावर 'कॉटन' असे छापलेले, पण धुतल्यावर अर्ध्या घटकेत वाळणारे. वडिलांनी ते दोन बोटांत धरून चोळले आणि म्हणाले, "हे सूत नाही. मले मलमलची बंडी पाहिजे. समोरून उघडी, बंदाची." हात वर करून डोक्यातून कपडा घालणे त्यांना जमत नव्हते, आणि कुशीवर वळले की गुंडी बरगडीत रुते.

आम्ही कापड घेऊन गावातील शिंप्यांकडे गेलो. लग्नसराईचे दिवस. एकाने पंधरा दिवस मागितले, दुसरा म्हणाला, असले किरकोळ काम आम्ही घेत नाही. त्यांचा राग आम्हांस आला नाही. ब्लाऊज आणि सूट यांच्या राशीत बसलेल्या माणसास चाळीस-पन्नास रुपयांची बंडी कशी परवडावी? तिसरा आपलाच ज्ञातिबंधू. त्याने आमच्याकडे पाहिले आणि विचारले, "गुरुजी, तुमच्या घरी मशीन नाही काय?"

मशीन होते. वडिलांचेच होते. त्यावर आम्ही दूरदर्शन संच ठेवला होता.

त्या दुपारी आम्ही तो संच खाली उतरविला. वयाची साठी गाठलेला मुलगा मशीनपुढे बसला आणि पंच्याऐंशी वर्षांचा बाप खाटेवरून सांगू लागला. पुढील आठ-दहा दिवसांत आम्ही जे शिकलो, ते आपणांपुढे मांडतो. जे कसबी कारागीर येथे बसले आहेत त्यांनी आमच्या चुका पोटात घालाव्या.

प्रथम कापडाविषयी. आपला वऱ्हाड म्हणजे कापसाचा मुलूख. १८७७ साली नागपुरास टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली ती याच कापसाच्या जोरावर. आज ती मिल नाही. मुंबईच्या गिरण्यांचा १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप आपल्यातील वडील मंडळींच्या स्मरणात असेल; त्यानंतर तेथील गिरणगावही पूर्वीचे राहिले नाही. गिरण्यांचा मांजरपाट आणि लठ्ठा दुकानातून मागे सरला, टेरिकॉट पुढे आले, आणि दाराशी कापूस पिकविणारा शेतकरी अंगात प्लॅस्टिकचे भावंड घालून हिंडू लागला. पॉलिएस्टर हे त्याच जातीचे आहे. कोरडे वाटणारे सुतही आपल्या वजनाच्या शेकडा सुमारे ८ इतका ओलावा हवेतूनच धरून ठेवते. पॉलिएस्टर शेकडा अर्धासुद्धा धरीत नाही. घाम सुतात मुरतो, कापडभर पसरतो आणि तेथून वाऱ्यावर उडतो, म्हणून अंगास गारवा लागतो. पॉलिएस्टरच्या दाट विणीखाली तो कातडीवरच साचून राहतो. शाळेत असताना आम्ही हे रोज पाहात असू. एप्रिलात सकाळची शाळा सुटावयाच्या सुमारास मुले मानेभोवती खाजवीत असत, आणि आम्ही त्यांस "नीट बसा" म्हणून दटावीत असू. गणवेशाची कॉलर ओढून पाहण्याची बुद्धी आम्हांस कधी झाली नाही. शिंप्याच्या मुलाने हे पाहावयास हवे होते.

दुकानदार 'प्युअर कॉटन' म्हणेल त्यावर विसंबू नये. कापडाच्या कडेचे दोन-चार धागे ओढून काढावे, चिमट्यात धरून, खाली ताटली ठेवून, त्यांस काडी लावावी. सूत कागदासारखे जळते, वासही जळक्या कागदाचा येतो, आणि मऊ राख राहते. पॉलिएस्टर आक्रसते, वितळते आणि टोकास कडक मणी धरते. मिश्र कापडात राखेत खडे लागतात. उभे व आडवे दोन्ही धागे जाळून पाहावे, कारण कित्येकदा एकच दिशा सुताची असते. वडील हे न जाळता बोटांनी ओळखीत. आम्हांस काडी लागते.

येथे भगिनींसाठी एक शब्द. घरोघरी जे झिरमिळ्यांचे गाऊन घालून स्वयंपाक होतो, ते बहुतेक कृत्रिम धाग्याचे असतात. पेट घेतल्यास ते वितळून कातडीस चिकटतात. सुती कापडही पेटते, आणि चटकन पेटते, हे लपविण्यात अर्थ नाही. म्हणून चुलीपाशी कापड सुती असावे, बाही आखूड असावी आणि घेर बेताचा असावा.

मलमल मऊ खरी, पण विरळ आणि अल्पायुषी. आजारी माणूस, म्हातारे व तान्ही मुले यांस ती उत्तम. हिंडत्याफिरत्या माणसाच्या बंडीस केंब्रिक किंवा पातळ खादी घ्यावी. आणि सर्वांत उत्तम कापड आपल्याच ट्रंकेत आहे: धुवून धुवून मऊ झालेले जुने धोतर किंवा सुती लुगडे. आपल्या आज्या त्याचीच झबली आणि कुंची शिवीत, त्यात काटकसर होती आणि शहाणपणही होते. नवे, खळ असलेले कापड बाळाच्या अंगास घालू नये हे त्यांस कोणी शिकविले नव्हते.

आता आमची पहिली चूक. वडील म्हणाले, "कापड भिजव." आम्हांस घाई. म्हटले, रोगी तळमळतो आहे, आज शिवू, मग धुऊ. शिवली, घातली, आणि पहिल्याच धुण्यात बंडीची लांबी दीड इंच आटली; छातीवर बंद जुळेनात. वडील हसले. आजारपणात ते प्रथमच हसले, म्हणून ती चूक आम्हांस प्रिय आहे. "मास्तर," ते म्हणाले, "तुले पाढे येतात, पण कापड मोजता येत नाही." तेव्हा नवे सुती कापड रात्रभर पाण्यात भिजवावे, न पिळता सावलीत वाळवावे, किंचित दमट असताना इस्त्री करावी, आणि मगच त्यास गज लावावा. टोक सरळ करण्यासाठी कातर लावू नये. कडेला छेद देऊन कापड फाडावे, म्हणजे ते आडव्या धाग्यावरच फाटते आणि काटकोन आपोआप साधतो.

बंडीचा बेत असा. छाती ३६ इंच धरू. ४४ इंच पन्ह्याचे कापड पाऊण मीटर घ्यावे. त्यातून २८ इंच लांबीचा तुकडा काढावा. खालची दुमड व खांद्याची शिवण जाऊन २६ इंचांची बंडी होते. हा तुकडा आडवा अंगाभोवती गुंडाळावयाचा आहे. दोन्ही काठ समोर येतात, म्हणून कुशीत शिवणच लागत नाही. उन्हाळ्यात जेथे सर्वांत अधिक घाम येतो तेथे शिवणीचा काच नाही, ही यातली मुख्य खुबी. समोर दोन्ही काठ एकेक इंच आत दुमडावे, आणि एकावर एक इंचभर चढवावे. मिळून तीन इंच गेले. राहिला ४१ इंचांचा घेर, म्हणजे छातीहून ५ इंच सैल. तयार बनियन अंगास चिकटते, ही बंडी अंगापासून दूर राहते आणि मध्ये वारा खेळतो. आम्ही पाच इंच सैल ठेवल्याचे पाहून आमचे चिरंजीव म्हणाले की बाबा, हे बेढब दिसते. दिसते खरे. मेच्या दुपारी आरशाचे काम कमी असते.

काठ काठाशी जुळवून तुकडा मधोमध दुमडावा. घडीची बाजू म्हणजे पाठीचा मध्य. घडीपासून सव्वादहा इंचांवर खडूने उभी रेघ ओढावी, ती कूस. मुंढ्याची खोली छातीच्या चौथ्या हिश्शाइतकी, म्हणजे ९ इंच. ती कुशीच्या रेघेवर वरून खाली मोजावी. खांदा घडीपासून ८ इंच अधिक शिवणीसाठी अर्धा. गळ्याची रुंदी छातीच्या बाराव्या हिश्शाइतकी, म्हणजे ३ इंच; ती पाठीच्या बाजूस घडीपासून आणि पुढच्या बाजूस काठाकडील दुमड सोडून मोजावी. पाठीचा गळा एक इंच खोल, पुढचा साडेतीन ते चार. खांद्यास बाहेरच्या बाजूने एक इंच उतार द्यावा. हे सारे बेतून झाल्यावर एकदा जुन्या वर्तमानपत्रावर कातरून अंगास लावून पाहावे. कागद चुकला तर एका दिवसाची बातमी गेली, कापड चुकले तर कापड गेले. त्रैराशिक आम्ही तीस वर्षे शिकविले. त्याचा एवढा सरळ उपयोग एकाही मुलास दाखविला नाही, याची आम्हांस त्या दिवशी लाज वाटली.

शिवण खांद्याची तेवढी. तीही दुहेरी घालावी: आधी उलट बाजू आत ठेवून बाहेरून पाव इंचावर टीप मारावी, कडा छाटाव्या, मग उलटवून आतून दुसरी टीप, म्हणजे धागे आत कोंडले जातात आणि कातडीस बोचत नाहीत. मलमलीस ११ नंबरची सुई लावावी. जाड सुई कापडात भोके पाडते. मुंढ्यास व गळ्यास पट्टी लावताना आमची दुसरी चूक झाली. आम्ही उभ्या धाग्याची सरळ पट्टी लावली आणि सारा मुंढा चुण्यांनी भरला. पट्टी कापडाच्या कोपऱ्यावरून तिरपी कातरावी, सव्वा इंच रुंद. तिरपे कापड ताणते, म्हणून वळणावर निमूट बसते. वडिलांनी हे सांगितले नाही. आम्ही चुण्या पाडल्या, उसवल्या, पुन्हा पाडल्या, आणि ते डोळे मिटून टिपेचा आवाज ऐकत पडून राहिले. तिसऱ्या वेळी म्हणाले, "आता तिरपी काप." आम्ही विचारले, आधी का नाही सांगितले? तर म्हणाले, "तू पोरांना उत्तर आधी सांगत होतास काय?"

दुसरी बंडी त्यांच्या अंगास बसली. तिसरी त्याहून बरी झाली. घामोळे बंडीने गेले की मृगाच्या पावसाने, हे आम्ही शपथेवर सांगणार नाही. पण त्या दोन बंड्या त्यांनी आलटून पालटून घातल्या, बनियन पुन्हा मागितले नाही. भेटीस येणाऱ्यांस ते बंद दाखवीत आणि म्हणत, मास्तरने शिवले. आम्हांस मॅट्रिकचा निकाल लागला त्या दिवशीही ते इतके बोलले नव्हते. आषाढात ते गेले.

आता आक्षेपांकडे वळू. हे भाषण करण्याचा मनोदय आम्ही घरी सांगितला, तेव्हा चिरंजीवांनीच पहिला आक्षेप घेतला. ते म्हणाले, "आजोबांनी तुम्हांला मशीनवरून उठवले, आणि तुम्ही आमच्या मुलांना पुन्हा बसवणार?" हा प्रश्न आम्ही टाळू शकत नाही. यावर आमचे म्हणणे एवढेच की वडिलांनी आम्हांस पोटासाठी मशीनवर बसू दिले नाही. रात्री दिव्याखाली दुसऱ्याच्या लग्नाचे कपडे शिवीत डोळे फोडणे वेगळे आणि स्वतःच्या अंगाची बंडी शिवणे वेगळे. स्वयंपाक येणारा प्रत्येक जण आचारी होत नाही. आणि हे आम्ही केवळ मुलींसाठी सांगत नाही. आपल्या समाजात तर पुरुषच पिढ्यान्‌पिढ्या मशीनवर बसले. मग आता शिवणवर्ग निघाला की तो महिला आघाडीकडे का जातो? यंत्रयुगाविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी १९२४ साली एका संभाषणात शिलाईयंत्रास अपवाद केले होते, कारण ते बायकोचे कष्ट पाहून प्रेमाने घडविलेले यंत्र आहे असे त्यांस वाटे. आम्हांस त्यापुढे एवढेच सुचवावेसे वाटते की नवऱ्यानेही त्यावर बसावे.

दुसरा आक्षेप येथे बसलेल्या दुकानदार बंधूंचा असेल: घरोघरी शिवू लागल्यावर आमचे काय? त्यांनी मनावर हात ठेवून सांगावे, मागील वर्षी बंडी, झबले, परकर यांची किती कामे त्यांनी घेतली? ही कामे त्यांच्या हातून केव्हाच तयार कपड्यांच्या गठ्ठ्यांनी नेली. ज्याने स्वतः एकदा मुंढा बिघडविला आहे, तोच चांगल्या शिंप्याच्या शिलाईचे मोल जाणतो. आम्ही स्वतः आता सदरा शिवावयास टाकतो तेव्हा घासाघीस करीत नाही. पूर्वी करीत होतो, आणि तेही शिंप्याचा मुलगा असून.

पैशाची बचत होईल असे मात्र आम्ही सांगत नाही. बाजारचे बनियन याहून स्वस्त मिळते. आपला वेळ धरला तर घरची बंडी महागच पडते. हिशोब त्यासाठी करावयाचाच नाही.

आता कामाचे बोलू. मंडळाच्या कार्यालयात दोन पायमशीने आहेत. गेली कित्येक वर्षे त्यांवर पावतीपुस्तके ठेवली जातात. अध्यक्षमहाराजांनी ती मोकळी करून देण्याचे कबूल केले आहे, आणि आपल्यातील एका वृद्ध कारागिरांनी पट्टे व तेलपाणी पाहण्याचे अंगावर घेतले आहे. उन्हाळी सुटीच्या पहिल्या आठवड्यात रोज सकाळी सात ते नऊ असा आठ दिवसांचा वर्ग भरेल. बारा वर्षांवरील मुलगे व मुली, तसेच निवृत्त गृहस्थ यांस प्रवेश आहे. शिकविणारे ते कारागीर. आम्ही खडू व गणित सांभाळू. शुल्क नाही. प्रत्येकाने पाऊण मीटर सुती कापड, कातर, टेप, सुई-दोरा आणि जुने वर्तमानपत्र आणावे. कापड रात्रभर भिजवून, सावलीत वाळवून आणावयाचे आहे. कोरे कापड घेऊन येणारास पहिल्या दिवशी घरी परत पाठविण्यात येईल, मग तो कोणाचाही नातू असो.